विळी, कातर आणि इंग्रजी शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



काही तरी उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला बजावून ठेवले आहे. गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून लोणच्यांवर व्याख्यान झाले आणि त्याची चव अजून सर्वांच्या जिभेवर आहे. तेव्हा मीही सुरी-विळीपासून फार दूर जाण्याचे धाडस करीत नाही. माझा विषय आहे कापाकापीचे इंग्रजी शब्द.

विषय सुचला तो आमच्या गुरुवारच्या इंग्रजीच्या वर्गात. एका भगिनीने खिशात मावेल एवढा शब्दकोश आणला होता. तिने एकेक पान उलटीत वाचून दाखविले. चॉप म्हणजे कापणे. स्लाइस म्हणजे कापणे. ट्रिम म्हणजे कापणे. क्लिप, शिअर, हॅक, सेव्हर, सगळ्यांपुढे तेच. मग कोश मिटून ती म्हणाली, “बाई, साहेबाला एवढे शब्द लागतात तरी कशाला? कापायचे ते कापायचे!”

प्रश्न रास्त होता. मी तिला उलट विचारले, “मेथीची जुडी आणलीत की काय करता?” ती म्हणाली, निवडते, खुडते. भेंडी? चिरते. गवार? मोडते. कोशिंबिरीची काकडी? कोचवते. सुपारी? कातरते. वड्या? पाडते. आणि नारळ? फोडते, देवापुढचा असला तर वाढवते, मग खवते. एवढे झाल्यावर वर्गात हसे पिकले. या साऱ्या क्रियापदांपुढे एखाद्या साहेबाने आपल्या कोशात नुसते ‘कट’ असे लिहून ठेवले, तर त्याची मेमसाहेब आपल्या स्वयंपाकघरात एक दिवस तरी टिकेल का? तात्पर्य, शब्दांची श्रीमंती त्यांच्याकडे आहे तशी आपल्याकडेही आहे. फक्त त्यांनी वाटणी वेगळ्या जागी केली आहे, आणि ती कोठे केली आहे हे छोटे कोश सांगत नाहीत.

मला असे दिसते की, इंग्रजी शब्द पुष्कळदा पाते कसे चालले हे सांगतो. चॉप म्हणजे पाते वर उचलायचे आणि खाली आणायचे. सुरीने फळीवर कांदा कापतात तो चॉप आणि कुऱ्हाडीने सरपण फोडतात तेही चॉपच. स्लाइसमध्ये पाते ओढले जाते आणि पातळ, चपटा काप निघतो. पाते पुढेमागे चालले की तो शब्द ‘सॉ’, म्हणजे करवतीची चाल. आपली विळी मात्र पायाखाली स्थिर असते. पाते जागचे हलत नाही. भाजीच पात्याकडे जाते. त्यामुळे विळीवर बसून तुम्ही वाटेल तितकी बारीक भाजी चिरा, खऱ्या अर्थाने ‘चॉप’ तुमच्या हातून होत नाही! ‘चिरणे’ या आपल्या शब्दात पात्याची उचल नाहीच, भाजीतून पाते आरपार जाणे एवढेच आहे. आता बहुतेक घरी ओट्यावर सुरी आणि फळी आली, तशी नव्या मुलींच्या तोंडी ‘भाजी कापते’ हेही आले. कानाला ते खटकते खरे. पण हत्यार बदलले की क्रियापद बदलायचेच.

दुसऱ्या काही शब्दांत पात्यापेक्षा तुकड्याकडे लक्ष असते. डाइस म्हणजे खेळातले फासे. त्यावरून डाइस करणे म्हणजे फाशासारख्या चौकोनी फोडी करणे. श्रेड म्हणजे लांब, अरुंद पट्ट्या. कोबी आपण असा चिरतो. मिन्स म्हणजे अगदी बारीक. पण येथे शाकाहारी भगिनींनी सावध असावे. पाककृतीत ‘मिन्स द गार्लिक’ असे आले तर लसूण बारीक करावयाचा. परंतु साहित्याच्या यादीत नुसते ‘मिन्स’ लिहिले असेल तर इंग्लंडात त्याचा अर्थ खिमा! आणि नाताळातले ‘मिन्स पाय’ म्हणून जे गोड प्रकरण असते, त्यात आता मनुका-बेदाणे आणि मसाले असतात. जुन्या काळी त्यात मांस असे, त्याची नावापुरती आठवण उरली आहे. तरी त्यातली चरबी कसली वापरली आहे हे विचारून घेतलेले बरे.

पील आणि पेअर हे दोन शब्द आपण सरसकट ‘सोलणे’ म्हणून सोडून देतो. पीलमध्ये साल निघाली म्हणजे झाले. केळ्याची हाताने निघते, बटाट्याची सुरीने. पेअरला मात्र पाते हवेच, आणि तेही बाहेरून पातळ पापुद्रा काढणारे. सफरचंद पेअर करतात, नखेही पेअर करतात. केळे कोणी पेअर करीत नाही. उलट आपल्या ‘कोचवणे’ला इंग्रजीत जोड नाही. मी पुष्कळ शोधली. ‘फाइनली चॉप’ म्हणून वेळ मारून न्यावी लागते, पण काकडी हातात धरून सुरीच्या टोचण्यांनी तिचा जो ओला, रवाळ चुरा होतो तो त्यात कोठे आला?

स्वयंपाकघर सोडण्यापूर्वी ‘कट’ या शब्दाचीच थोडी कुळकथा सांगते. आज तो घरचा मालक वाटतो, परंतु इंग्रजीच्या अगदी जुन्या वाङ्मयात तो सापडत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास तो पुढे आला. त्यापूर्वी साधारण कापण्याला ‘कार्व्ह’चा पूर्वज शब्द होता. मग धाकट्या सुनेने यावे आणि बघता बघता सारे घर ताब्यात घ्यावे, तसे झाले. थोरल्या कार्व्हकडे मानाची दोन-तीन कामे तेवढी राहिली: मेजवानीत पाहुण्यांसमोर भाजलेल्या मांसाचे काप काढणे, आणि लाकडावर-दगडावर कोरीवकाम करणे. वेरूळच्या लेण्यांतल्या मूर्तींसाठी इंग्रजीत म्हणूनच ‘कार्व्ह’ म्हणतात, लेण्यांना मात्र ‘रॉक-कट’ही म्हणतात. आणखी एक गंमत. आपल्या अल्पोपाहारात आज जे कटलेट होते, त्याचा ‘कट’शी काही संबंध नाही! बरगडीला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्यावरून ‘लहानशी बरगडी’ अशा अर्थाने ते नाव आले. सुऱ्या-काट्यांना म्हणतात ती ‘कटलरी’देखील कटची लेक नव्हे, ती लॅटिनमधल्या सुरीवाचक शब्दाची नात.

आता शिवणवर्गाच्या भगिनींकडे वळते. तुमच्या ‘बेतणे’ला इंग्रजीत ‘कट आउट’ म्हणतात. हा ‘आउट’ विसरू नये. कटच्या मागे लागणारी ही चिमुकली शेपटे सारा अर्थ फिरवितात. कट आउट म्हणजे कापून वेगळा आकार काढणे. कट ऑफ म्हणजे तोडून अलग करणे. बिल भरले नाही तर वीज कट ऑफ होते. कट डाउन म्हणजे झाड तोडणे, आणि डॉक्टर साखर ‘कट डाउन’ करा म्हणाले तर ती कमी करणे. बंद करणे नव्हे, हे मधुमेहाच्या भगिनींना मी आनंदाने सांगते. कट अप म्हणजे तुकडे तुकडे करणे, आणि एखादी बाई ‘कट अप’ झाली आहे असे म्हटले तर ती मनातून फार दुखावली आहे.

कातरीच्या लहानसहान कामांना तीन शब्द आहेत. एकदाच टचकन कातर चालविली, काजाला खाच दिली किंवा दोऱ्याचे टोक उडविले, तर ते स्निप. आखूड करण्यासाठी किंवा काढून घेण्यासाठी थोडे थोडे कापले तर क्लिप; नखे, कुंपणाची मेंदी, वर्तमानपत्रातले कात्रण. आणि कडा नीटनेटक्या केल्या तर ट्रिम. ट्रिमचा मूळ भाव कापण्याचा नाहीच, नीट करण्याचा आहे. म्हणून फ्रॉकला लेस लावली तरी तो लेसने ‘ट्रिम’ केला असेच म्हणतात. एकच शब्द कमी करायलाही चालतो आणि जोडायलाही.

मेंढीची लोकर कातरतात तो शिअर. या शिअरचे गणगोत पाहिले की मी थक्क होते. शर्ट, स्कर्ट, आखूड या अर्थाचा शॉर्ट, वाटा या अर्थाचा शेअर, आणि क्रिकेटचा स्कोअर, ही सारी भावंडे. शेअर म्हणजे कापून दिलेला हिस्सा. स्कोअर म्हणजे मोजणीसाठी काठीवर पाडलेली खाच; दर विसाला एक खाच पाडीत, म्हणून स्कोअर म्हणजे वीस असाही अर्थ आहे. आणि विद्वान असे सांगतात की, संस्कृतातला कापणे या अर्थाचा ‘कृत्’ धातू, ज्यापासून कर्तरी आणि कर्तरीपासून आपली कातर आली, तोही याच प्राचीन मुळातला. म्हणजे शिवणवर्गात तुम्ही कातर घेऊन शर्ट बेतता, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन बहिणींची गाठ पडते म्हणायची.

शेताबागेचे शब्द मी थोडक्यात उरकते. प्रून म्हणजे आपली छाटणी. नाशिककडे द्राक्षवेलींची वर्षातून दोनदा करतात ती. नवी फूट यावी म्हणून कापणे हे त्याचे मर्म. लॉप म्हणजे फांदी तोडून टाकणे, फुटीची आशा नाही. फॉलपासून फेल होतो, अगदी आपल्या पडणे-पाडणेसारखा, आणि त्याचा अर्थ झाड पाडणे. हॅक म्हणजे ओबडधोबड घाव घालीत सुटणे. हे शब्द वर्तमानपत्रांतही भेटतात आणि तेथे ते जपून वाचावेत. कारखान्याने नोकरवर्ग ‘प्रून’ केला, असे छापतात. जणू उरलेल्यांना आता कोवळी पाने फुटणार आहेत! ज्याची नोकरी जाते तो कधी म्हणत नाही की, मला छाटून कारखान्याला पालवी फुटली. आपल्याकडेही कामगारांची ‘छाटणी’ म्हणतात. तेव्हा दोष एकट्या साहेबाचा नाही.

आता ज्या शब्दांसाठी मी खरोखर आज उभी राहिले, त्यांच्याकडे येते. ते इस्पितळातले आहेत. त्यांच्या बाबतीत पाते कसे चालले हे डॉक्टरांनी पाहावे. कापून झाल्यावर आत काय राहिले, हे मात्र आपल्याला कळलेच पाहिजे.

आमच्या वर्गातल्या एका भगिनीला गर्भाशयात गाठी असल्याचे निदान झाले. घरात बोलणे झाले ते ‘गाठी काढायच्या’ एवढेच. सही करण्यासाठी आलेला इंग्रजी कागद तिने वर्गात आणला. मोठेमोठे शब्द पाहून ती बिचकली होती. त्यावर लिहिले होते ‘हिस्टरेक्टॉमी’. मी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि त्याचे दोन तुकडे केले. ‘हिस्टर’ म्हणजे गर्भाशय. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून बाहेर काढणे. कागद गाठींविषयी बोलतच नव्हता. नुसत्या गाठी कापून गर्भाशय तसेच ठेवायचे असेल तर त्या शस्त्रक्रियेला ‘मायोमेक्टॉमी’ म्हणतात. शेपूट दोन्हींचे एकच, मुंडके वेगळे. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काढू देत हो, काढायचे असेल तर. पण काय काढणार ते मला कळायला नको का?”

ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली आणि तिने दोन गोष्टी विचारल्या: नुसत्या गाठी का नाही, आणि बीजांडकोश ठेवणार की तेही जाणार? डॉक्टर चांगले होते, घाईत होते इतकेच. त्यांनी बसवून सर्व समजावून दिले. तिच्या गाठींची संख्या आणि आकार पाहता गर्भाशय काढणेच त्यांना योग्य वाटत होते. बीजांडकोश निरोगी होते, ते ठेवायचे ठरले. शस्त्रक्रिया झाली ती पूर्वी लिहिलेलीच. फरक एवढा की, आता तिला तिचे नाव ठाऊक होते.

बीजांडकोशाचा प्रश्न तिला मी विचारावयास सांगितला होता, कारण तो शब्द निराळा आहे: ‘ऊफोरेक्टॉमी’. हिस्टरेक्टॉमी म्हटल्याने बीजांडकोश जातात असे नाही, आणि राहतात अशी हमीही नाही. तो दुसरा शब्द जोडीला आहे का, हे पाहावे लागते. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही बीजांडकोश काढले तर ऋतुसमाप्ती एकाएकी येऊन ठेपते आणि पुढे हाडांनाही त्याची झळ लागते.

शेपटे मोजकीच आहेत, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. ‘ओटॉमी’ म्हणजे कापून उघडणे. लॅपरॉटॉमी म्हणजे पोट उघडणे. एवढ्यावरून काही काढले असे होत नाही. बाळंतपणात वाट मोठी करण्यासाठी जो छेद घेतात तो एपिझिऑटॉमी. आपण बायका टाके किती पडले ते एकमेकींना सांगतो, छेद का घेतला हे विचारीत नाही. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे. स्तनाच्या कर्करोगात मास्टेक्टॉमी म्हणजे सबंध स्तन, आणि लंपेक्टॉमी म्हणजे गाठ व तिच्या भोवतीचा थोडा भाग. लंप इंग्रजी आणि एक्टॉमी ग्रीक, असा तो मिश्रविवाह आहे. परंतु दोन शब्दांतले अंतर किती आहे ते तुम्हीच जाणा. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड करून ठेवणे, जसे आतड्याचे तोंड पोटावर आणतात ती कोलॉस्टॉमी. आणि ‘स्कोपी’त मूळ अर्थ कापण्याचा नाहीच, पाहण्याचा आहे. लॅपरॉस्कोपी म्हणजे लहान छिद्रांतून नळी घालून पोटात पाहणे. त्याच छिद्रांतून आता शस्त्रक्रियाही करतात, तेव्हा नुसते पाहणार की काही करणार, हे विचारावे.

या शेपटांवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री. तिने ज्या कागदावर सही केली त्यावर लॅपरॉस्कोपी, आणि गरज पडल्यास लॅपरॉटॉमी, असे लिहिलेले होते. गर्भाशय काढण्याचा उल्लेख त्यात नव्हता. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय, बीजांडकोश आणि नलिका काढण्यात आल्या. २००८ साली निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. रुग्ण सज्ञान होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, आईची संमती तिच्या संमतीच्या जागी चालणार नाही. तिला भरपाई मिळाली. उपचार तिच्या हितासाठी केला हे डॉक्टरांचे म्हणणे खरे मानले तरी निकाल तोच राहतो, हे मला त्यातले विशेष वाटते.

इंग्रजीच तेवढी अवघड, मराठीत सगळे स्वच्छ, असे मात्र समजू नका. आपण काय म्हणतो? ‘पिशवी काढली.’ पिशवी म्हटले की खुंटीवरून काढून ठेवावी अशी काही तरी वस्तू वाटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्या, हे बाहेर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांच्यापुढे नुसता शब्दांचा प्रश्न नव्हता. खाडा झाला तर मजुरी कापली जाते, उचल फेडायची असते, फडावर आडोसाही नसतो. पण एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढा हलका शब्द असला की ती हलकेच होऊन जाते. ‘गर्भाशय’ असे पूर्ण म्हणावे. जिभेला थोडा त्रास पडेल, पडू द्यावा.

‘सिझर’विषयी पुष्कळजणी विचारतात म्हणून सांगते. सेक्शन म्हणजे लॅटिनमध्ये छेद. ज्यूलियस सीझर असा जन्मला ही कथा टिकण्यासारखी नाही, कारण त्याची आई तो मोठा सेनापती होईपर्यंत हयात होती, आणि त्या काळी अशा छेदातून आई वाचत नसे.

वर सांगितलेली शेपटे आणि अवयवांची नावे मी मंडळाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहेत. ती वहीत उतरवून घ्यावीत. ज्यांच्या घरी असा एखादा कागद आला असेल, त्यांनी तो गुरुवारी दुपारी तीन वाजता बरोबर आणावा. औषध कोणते घ्यावे, शस्त्रक्रिया करावी की नाही, हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचे काम. आपण फक्त शब्द फोडून पाहू. येताना चष्मा मात्र विसरू नये, त्या कागदांवरची अक्षरे फार बारीक असतात.